मुंबई ते लंडन : अंतर किती?

येत्या डिसेंबरात मी लंडनला जाणार आहे. तिकिटाचा छापील कागद घरात आला त्या दिवशी माझी अकरा वर्षांची नात तो हातात घेऊन बराच वेळ बसली होती. मग ती म्हणाली, "आजोबा, दुपारी एकला निघायचं आणि संध्याकाळी साडेपाचला उतरायचं. म्हणजे लंडन साडेचार तासांवर आहे. आपल्याला कोकणात जायला याहून जास्त वेळ लागतो. मग मोठे आजोबा इतकी वर्षं घरी का आले नाहीत?"

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तेव्हा नातीच्या हिशेबातली चूक मला लगेच दिसली आणि ती मी तिला समजावूनही दिली. परंतु तिच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला पुष्कळ दिवस लागले. मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधलं अंतर किती, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचं एक उत्तर नकाशात आहे, दुसरं घड्याळात आहे, आणि तिसरं या दोन्ही ठिकाणी सापडत नाही. आज या तिन्ही उत्तरांविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

आधी नकाशा. तुमच्या घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो जवळ घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. हा दोरा मोजला आणि गोलाच्या प्रमाणात त्याचे किलोमीटर केले, तर उत्तर सुमारे ७,२०० येईल. जुन्या मंडळींसाठी सांगायचं तर साडेचार हजार मैलांना थोडे कमी. कोसांत धरलं तर सव्वादोन हजार कोस.

आता तो दोरा कुठून कुठून जातो ते पाहा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई ते लंडन पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती दक्षिण इराण, मग बगदादच्या आसपासचा प्रदेश आणि तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र तसा जात नाही. तो अरबी समुद्राचा कोपरा ओलांडून बलुचिस्तानात शिरतो, पूर्व इराणवरून वर सरकतो, आणि त्याचा बरोबर मध्य येतो कॉकेशस पर्वताच्या मुलखात, जॉर्जिया आणि आर्मेनिया यांच्या सीमेपाशी. तिथून काळा समुद्र, युक्रेनचा पश्चिम भाग, मग जर्मनी, आणि शेवटी इंग्लंड. सपाट नकाशावरची रेघ आणि हा दोरा यांच्यात मध्यावर आठ-नऊशे किलोमीटरांचं अंतर पडतं. गंमत अशी की एवढं वर जाऊनही दोऱ्याची वाट सुमारे दोनशे किलोमीटरांनी कमीच भरते. पृथ्वी गोल आहे हे आपण पाठ केलेलं असतं, पण भिंतीवरचा नकाशा ते आपल्याला रोज विसरायला लावतो.

याच दोऱ्याची आणखी एक गोष्ट मी वर्गात सांगत असे. मुंबईहून निघताना या वाटेचं तोंड वायव्येला असतं, किंबहुना पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच किंचित अधिक. पण लंडनला पोहोचताना तीच वाट जवळजवळ सरळ पश्चिमेला वळलेली असते. आता उलट विचार करा. लंडनहून ज्याला सर्वांत जवळच्या वाटेनं मुंबईला यायचं आहे, त्यानं जवळपास थेट पूर्वेकडे तोंड करून निघायला हवं. मुंबई लंडनच्या कितीतरी दक्षिणेला आहे, आणि तरीही! मुलांना हे पटत नसे. मग मी गोल आणि दोरा त्यांच्याच हातात देत असे.

हे झालं पहिलं उत्तर. ते शेकडो वर्षांत बदललेलं नाही.

आता घड्याळाकडे वळू. प्रवाशांचं मोठं जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगानं जातं. ७,२०० ला ९०० नं भागलं की आठ तास येतात. परंतु कोणतंही वेळापत्रक उघडा. मुंबईहून लंडनला आठ तासांत पोहोचवणारं विमान तुम्हाला त्यात सापडणार नाही. साधारण साडेनऊ ते दहा तास, आणि वाट लांबली तर त्याहूनही अधिक वेळ लिहिलेला असतो. येताना मात्र नऊ तासांच्या आसपास. अंतर तेच, विमान तेच. मग जाण्यायेण्यात हा फरक कसला?

कारण वारा. आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटरांवर, म्हणजे जिथून ही विमानं जातात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परत येताना पाठीशी असतो. नदीत पोहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या वाऱ्यानं सरासरी ताशी ७० किलोमीटर खाल्ले असं धरा: मग जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग ८३० राहतो आणि प्रवास आठ तास चाळीस मिनिटांचा होतो. तोच वारा पाठीशी असला तर वेग ९७० होतो आणि प्रवास सव्वासात-साडेसात तासांवर येतो. यात विमानतळावर रांगेत सरकण्याचा वेळ मिळवा, वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ मिळवा, लंडनच्या आकाशात आपल्या पाळीची वाट पाहत घातलेल्या घिरट्या मिळवा. शिवाय विमान दोऱ्यासारखं सरळ कधीच जात नाही. आखून दिलेल्या हवाई रस्त्यांनी ते वळत वळत जातं. हे सगळं धरलं की वेळापत्रकातला आकडा जुळतो.

मग माझ्या नातीचे साडेचार तास कुठून आले? ते दोन घड्याळांतल्या फरकातून आले. दुपारी एकला निघून दहा तास प्रवास केला की मुंबईत रात्रीचे अकरा वाजतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असतं, म्हणून तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. उन्हाळ्यात तिथले लोक आपली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांवर येतो. परतीच्या वाटेवर उलटा प्रकार. लंडनहून रात्री नऊला निघालेला माणूस नऊच तास प्रवास करतो, पण मुंबईत उतरतो दुसऱ्या दिवशी दुपारी साडेअकराला. जाताना दिवस ताणला जातो आणि येताना रात्र चोरीला जाते. यात वाचलं काही नाही आणि हरवलंही काही नाही.

बरं का, मुंबईच्या सूर्याला विचाराल तर तो हा फरक साडेपाच तास सांगणार नाही. पृथ्वी ताशी पंधरा अंश फिरते, आणि मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७३ अंशांवर आहे. भागाकार केला तर पाच तासांना थोडी मिनिटं कमीच येतात. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबईनं आपली 'मुंबई वेळ' पुढेही कितीतरी वर्षं सोडली नव्हती. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि १९५५ पर्यंत ती वापरात होती. माझ्या आजोबांच्या खिशातलं घड्याळ मुंबई वेळेवर आणि वडिलांचं प्रमाणवेळेवर, असा आमच्या एकाच खोलीत कारभार चाले, असं आई सांगे.

इथवर सगळं गणित झालं. पण आकाशातली वाट गणितानं आखली जात असली, तरी ती उघडी राहील की नाही हे माणसं ठरवतात. मघाचा दोरा पुन्हा आठवा. बलुचिस्तान, इराण, युक्रेन. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते पूर्णपणे उघडायला जुलैचा मध्य उजाडला. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध आलं आणि तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला. त्याच वर्षी १३ जूनला इराणचं आकाश एकाएकी बंद झालं, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तास उडून परत मुंबईलाच उतरलं. त्यातले प्रवासी काही तास प्रवास करून होते तिथेच आले! अशा वेळी विमानं आखाती देशांवरून, अरबस्तानावरून लांबचा वळसा घेतात. इंधन जास्त जळतं, घड्याळ पुढे सरकतं. गोलावरचे ७,२०० किलोमीटर मात्र जिथल्या तिथे असतात.

आता थोडं मागे जाऊ. कारण हे दुसरं उत्तर, घड्याळाचं उत्तर, किती बदललं हे कळल्याशिवाय तिसऱ्या उत्तराकडे जाता येणार नाही.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. त्यांची फिर्याद थेट विलायतेत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० ते १८५३ अशी तेरा-चौदा वर्षं हा गृहस्थ तिथे राहिला, अर्ज करत, सभा गाजवत, पदरचं आणि उसनवारीचं खर्च करत. १८४७ च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीला वारले. ज्या धन्यासाठी रंगो बापूजी भांडत होते तो धनी या जगात नाही, हे त्यांना त्या दिवशी कळणं शक्यच नव्हतं. त्या काळी टपाल बोटीनं सुएझला, तिथून जमिनीवरून इजिप्त ओलांडून, पुन्हा बोटीनं इंग्लंडला जाई. म्हणजे कित्येक आठवडे रंगो बापूजी जिवंत धन्याचे वकील म्हणून उठत-बसत होते. माणसाला पोहोचायला जेवढे दिवस लागत, तेवढेच बातमीलाही लागत, कारण बातमी माणसाच्याच सोबत त्याच बोटीनं प्रवास करत असे.

ही इजिप्तमधली वाटसुद्धा तेव्हा नवीच होती. त्याआधी जहाजं सबंध आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जात. मुंबई ते लंडन हा समुद्रमार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरांचा, आणि शिडाच्या जहाजाला वारा देईल तितके, चार-सहा महिनेसुद्धा लागत. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि एडनला कोळसा घेत महिन्याभरात सुएझला पोहोचली, तेव्हा वाऱ्याचा गुलाम नसलेला रस्ता प्रथम दिसला. पुढे १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई-लंडन समुद्रमार्ग सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. एका कालव्यानं आठ हजार किलोमीटर पुसून टाकले.

पण माझ्या मते त्याहून मोठी घटना त्यानंतर काही महिन्यांनी घडली, आणि ती समुद्राच्या तळाशी घडली. १८७० मध्ये मुंबई आणि इंग्लंड यांना जोडणारी तार समुद्रातून टाकून पुरी झाली. तिचं पलीकडचं टोक कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोर्थकर्नो इथे वर आलं. इराणच्या आखातातून जाणारी एक तार १८६५ पासूनच होती, पण ती जमिनीवरच्या कितीतरी ठाण्यांतून रखडत जाई. समुद्री तार आली, आणि बातमी व माणूस यांची कायमची फारकत झाली. बातमी आता काही तासांत पोहोचू लागली. माणसाला मात्र अजून तीन-तीन आठवडे लागत होते. रंगो बापूजींना धनी गेल्याचं उशिरा कळलं. त्यांच्यानंतरच्या लोकांना लगेच कळू लागलं, पण कळून करता येण्यासारखं काही नसे.

मग माणसाची धडपड सुरू झाली ती बातमीला गाठण्याची. ३० मार्च १९२९ ला लंडन ते कराची विमानटपाल सुरू झालं. सुमारे आठवड्यात पत्र कराचीला येऊ लागलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी ते टपाल कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर, एका लहानशा 'पस मॉथ' विमानातून स्वतः आणलं. आणि ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचं विमान मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हा इथे उतरत लंडनला पोहोचलं. स्वतंत्र भारताचा हा पहिला विलायतेचा हवाई फेरा. तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसाच्या बेरजेत आला होता.

हे तास फुकट मिळालेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. तीच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळली आणि तिच्यातली ४८ माणसं गेली. २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर मुंबईहून लंडनकडे चाललेलं 'कांचनजंगा' हे जेट कोसळलं. त्यातल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, मग लंडन, असे टप्पे घेत ही विमानं जात. भारताची जेट विमानं या वाटेवर आली १९६० मध्ये. पुढे विमानं मोठी झाली, एका दमात जाऊ लागली, मधले मुक्काम गळाले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय नातीच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. १९६१ मध्ये माझा थोरला भाऊ, आमचा दादा, इंजिनियरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला निघाला. बॅलार्ड पियरवर सगळी चाळ गेली होती. बोट हलली तेव्हा आईनं पदर तोंडाशी धरला. बाबा मात्र मोठ्यानं म्हणाले, "अठरा दिवसांत पोहोचेल, फार लांब नाही." पुढचे अठरा दिवस ते रोज सकाळी माझ्या शाळेच्या नकाशावर बोट ठेवून आज एडन, आज सुएझ, आज माल्टा, असं आईला सांगत.

१९६४ च्या जानेवारीत एका पहाटे साडेचारला बाबा गेले. मी सोळा वर्षांचा होतो. शेजारचे काका मला घेऊन फ्लोरा फाउंटनजवळच्या तार ऑफिसात आले. तारेत शब्दाला पैसे पडत. काकांनी बोटांवर मोजून चार इंग्रजी शब्द लिहिले: फादर एक्स्पायर्ड धिस मॉर्निंग. ती तार दादाला त्याच दिवशी मिळाली. विमान तेव्हा होतं. वाटेतले टप्पे धरूनही तो दुसऱ्या दिवशी घरी आला असता. पण तिकिटाची रक्कम त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती, आणि चार महिन्यांचा पगार हातात असलेला माणूस आमच्या घरात तोवर जन्मलाच नव्हता. थोरल्याच्या जागी मी अग्नी दिला.

दादाचं निळं हवाई पत्र आलं ते तेराव्याच्या आदल्या दिवशी. इकडच्या तिकडच्या चौकश्या, आईला धीर, मला अभ्यासाची ताकीद, आणि शेवटी दोन ओळी होत्या. त्यात त्यानं लिहिलं होतं की मी वेळेचा हिशेब करून पाहिला. बाबा गेले तेव्हा इथं आदल्या रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी मित्रांबरोबर सिनेमाहून हसत परत येत होतो. हा हिशेब त्यानं आयुष्यभर मनातून काढला नाही. १९६९ मध्ये तो प्रथम घरी आला, तेव्हा बाबांच्या फोटोसमोर बसून पुन्हा हेच बोलला. मग तो येत राहिला. आधी चार-पाच वर्षांनी, पुढे तिकिटं आवाक्यात आली तसा दोन वर्षांनी. आई गेली तेव्हा मात्र तो तिच्या उशाशी होता. आजारपणाचं कळताच निघाला होता.

म्हातारपणी त्याला विमानप्रवास झेपेनासा झाला आणि तो येईनासा झाला. फोन मात्र रोज असे, तोही चेहरा दिसणारा. अंतर आता उरलंच नाही, असं आम्ही दोघे म्हणत असू. २०२० च्या एप्रिलमध्ये तो लंडनच्या इस्पितळात गेला. त्याआधी महिनाभर, मार्चच्या अखेरीस, साथीमुळे आपल्या देशातली सगळी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली होती. माझ्यापाशी पासपोर्ट होता, व्हिसा होता, या वेळी तिकिटाचे पैसेही होते. विमान नव्हतं. नियमित उड्डाणं पूर्ववत व्हायला पुढे २०२२ च्या मार्चची २७ तारीख उजाडली. दादाचे अंत्यसंस्कार मी हातातल्या काचेत पाहिले. मोजक्याच माणसांना आत परवानगी होती. वहिनी एकट्या एका खुर्चीवर बसल्या होत्या. बातमी यायला एक क्षणही लागला नाही. मी मात्र रंगो बापूजींपेक्षाही दूर होतो. त्यांच्यासाठी निदान बोट तरी होती.

आता तिसऱ्या उत्तराकडे येतो. दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरांत मोजता येतं, ते गोलावर आहे. तासांत मोजता येतं, ते वेळापत्रकात आहे. पण ज्यांची माणसं त्या दोन शहरांत वाटली गेली आहेत, त्यांच्यासाठी अंतर म्हणजे बातमी पोहोचणं आणि आपण पोहोचणं यांमधला काळ. रंगो बापूजींच्या वेळी दोघांची बोट एकच होती. तारेनं हा काळ तीन आठवड्यांचा केला, विमानानं एका दिवसाचा. पैसा नसला की तो वर्षांचा होतो, आणि आकाश बंद झालं की त्याला मोजमापच उरत नाही. विमानं आणखी वेगवान होतील, होवोत; तरी बातमीच्या पुढे ती कधीच जाणार नाहीत. ही शर्यत हरलेलीच आहे.

मग करायचं काय? मला जे सुचलं ते अगदी साधं आहे, आणि ते सांगायला मी फार उशीर केला आहे. बातमीशी शर्यत लावायचीच नाही. बातमीच्या आधी निघायचं. कार्य नसताना, आजार नसताना, बोलावणं नसताना जायचं. आपल्याकडे निमित्ताशिवाय कुणाच्या घरी जाण्याचा संकोच वाटतो, आणि विलायतेला तर वाटतोच वाटतो. लग्न-मुंज असेल तर जाऊ, असं म्हणता म्हणता आपण निघतो ते नको त्या निमित्तानं. तुमचीही कुणी माणसं लंडनला, अमेरिकेत, किंवा इथेच नागपूरला, बडोद्याला असतील. अंतराचा आकडा वेगळा असेल. हिशेब हाच आहे.

वहिनी आता त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. तब्येत ठणठणीत आहे. तिथे काही समारंभ नाही. मी येतो आहे म्हटल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, "भाऊजी, काय विशेष?" मी म्हटलं, काही विशेष नाही, म्हणूनच येतो आहे. मग त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर म्हणाल्या, "येताना मेतकूट आणा."

नातीला मी पहिली दोन उत्तरं दोरा आणि घड्याळ घेऊन समजावली. तिसरं या भाषणात सांगितलं आहे; ती आईजवळ बसून ऐकते आहे. पोरी, मोठ्या आजोबांना यायला साडेचार तास लागत नव्हते, दहाही लागत नव्हते. कधी पैसे लागत होते, कधी रजा, कधी उघडं आकाश, आणि पुष्कळदा फक्त आमच्यापैकी कुणीतरी 'उगीच ये' असं म्हणायला हवं होतं. ते आम्ही म्हटलं नाही.